पाचपाखाडीतील एक घर, सतरा वर्षांचा फ्रीज आणि न आलेले अनुदान : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे पश्चिमेतील पाचपाखाडी भागात, साधारण तीस वर्षे जुन्या इमारतीतील एका कुटुंबाचे आहे. वसंतराव आणि सुनंदाताई (दोन्ही नावे बदलली आहेत) हे निवृत्त दांपत्य येथे राहते, आणि नोकरीनिमित्त पुण्यात असलेला मुलगा शनिवार-रविवारी येऊन जातो. मी त्याच गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. वीजबिलांचा हिशेब मांडायला माझी मदत घेतली गेली, त्यामुळे पुढील घडामोडी मी जवळून पाहिल्या, आणि त्यातील एका चुकीत माझाही वाटा आहे.

घरातील मोठी उपकरणे जुनी होती. फ्रीज २००८ सालचा होता आणि खिडकीत बसवलेला दीड टनाचा एसी त्याच्याच मागेपुढे घेतलेला. छताचे तीन पंखे तर इमारतीइतकेच जुने, रिवाइंडिंग करून करून चालवलेले. स्वयंपाकघरातील बल्ब मात्र एलईडी होते. २०१५ साली उजाला योजना सुरू झाल्यानंतर वसंतरावांनी वीजबिल दाखवून ते स्वस्तात आणले होते, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ त्या बल्बांत आहे असे मला वाटते. बल्बांवर सरकारने सबसिडी दिली, तशी ती फ्रीज आणि एसीवरही कधीतरी देईल, अशी त्यांची पक्की समजूत झाली. प्रत्यक्षात उजालातील बल्ब अनुदानामुळे स्वस्त झाले नव्हते. ईईएसएल या सरकारी कंपनीने प्रचंड संख्येने एकत्रित खरेदी केली म्हणून किंमत उतरली होती.

अडचण

फ्रीजच्या दाराचे रबर २०२३ च्या उन्हाळ्यापासून सैल पडले होते. दार लावल्यावर सुनंदाताई खाली पाटाचा तुकडा अडकवून ठेवत. तरीही फ्रीज बदलायचा निर्णय दोन उन्हाळे लांबला, कारण ‘योजना येते आहे, थोडे थांबू’ हे वाक्य घरात दर महिन्याला कोणीतरी म्हणत असे. दरम्यान मे महिन्याचे बिल ५४० युनिटपर्यंत पोहोचले. जानेवारीत हाच आकडा २९० च्या आसपास असे.

एप्रिल २०२५ मध्ये वसंतरावांच्या मोबाइलवर एक संदेश आला. ‘पीएम मोदी एसी योजना’ या नावाखाली केंद्र सरकार पंचतारांकित एसी मोफत देणार असल्याचे त्यात लिहिले होते. जुने एसी बदलण्यासाठी काही प्रोत्साहन देण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या त्या सुमारास वृत्तपत्रांत येऊन गेल्या होत्या, त्यामुळे संदेश खरा वाटला. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचे त्याच महिन्यात जाहीर केले, पण तोवर वसंतरावांनी सोबतच्या दुव्यावर ७५० रुपये ‘नोंदणी शुल्क’ भरले होते. मुलाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कार्ड बंद केले. ते पैसे परत आलेले नाहीत. रक्कम लहान होती. मोठे नुकसान म्हणजे या फसवणुकीनंतर वसंतराव सरसकट सगळ्याच सरकारी योजनांवर अविश्वास दाखवू लागले.

खरोखर कोणती मदत उपलब्ध होती?

पहिला प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले.

सुनंदाताईंची बहीण चेंबूरला राहते. तिने वीज कंपनीच्या योजनेत जुना पंखा देऊन नवा सवलतीत घेतला होता. ‘तिला मिळते, मग आपल्याला का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर वीजबिलाच्या शीर्षकात असते. मुंबईतील खासगी वीज कंपन्यांनी असे विनिमय कार्यक्रम वेळोवेळी राबवले आहेत, आणि त्यांना महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मागणी व्यवस्थापनाविषयीच्या, म्हणजे विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याविषयीच्या, विनियमांचा आधार आहे. म्हणजे ते पैसे सरकारी तिजोरीतून येत नाहीत, त्या कंपनीच्या ग्राहकांच्या वीजदरांतूनच वसूल होतात, आणि म्हणून लाभही त्या ग्राहकांपुरताच राहतो. पाचपाखाडीची वीज महावितरणची. ठाण्यातच खाडीपलीकडे कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून टोरंट पॉवर ही महावितरणच्या वतीने वीज वितरण करणारी फ्रँचायझी आहे, त्यामुळे तेथील बिलावर आणखी निराळे नाव दिसते. थोडक्यात, एखाद्या योजनेचा शोध घेण्याआधी आपल्या बिलावर कोणाचे नाव आहे ते पाहावे लागते. घरगुती फ्रीज किंवा एसी बदलण्यासाठी आम्हाला लागू होईल अशी कोणतीही थेट रोख सवलत सापडली नाही.

केंद्राचे खरे अनुदान एकाच ठिकाणी दिसले, ते म्हणजे पीएम सूर्यघर योजनेत. छतावरील सौर संचासाठी घरमालकाला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेला स्वतःचे छत नसते. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये मिळतात, पण त्यातून फ्रीज येत नाही.

राहता राहिली ती अप्रत्यक्ष मदत : ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार लेबल, जीएसटीचे दर आणि वीजदरांचे टप्पे. सुरुवातीला आम्ही तिन्हींना मदत मानायलाच तयार नव्हतो.

मोजमाप

दुकानात जाण्यापूर्वी कोणते उपकरण किती वीज खाते हे मोजावे, असा आग्रह मी धरला. वसंतरावांच्या मते दोषी एसी होता, सुनंदाताईंच्या मते गीझर. फ्रीज निर्दोष होता, कारण ‘त्याला चार स्टार आहेत’. ते लाल-हिरवे लेबल दारावर अजून होते, कडा काळवंडलेल्या आणि मधोमध लिंबू-मिरचीचे चुंबक लावलेले.

एका रात्री साडेअकरा वाजता आम्ही घरातील सर्व बटणे बंद करून फक्त फ्रीज चालू ठेवला आणि जिन्यातील मीटरसमोर उभे राहिलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी प्रति युनिट ३२०० स्पंद, म्हणजे एका युनिटला इतक्या वेळा लुकलुकणे, असे छापलेले असते. दहा मिनिटांत दिवा ७५ वेळा लुकलुकला. याचा अर्थ कॉम्प्रेसर सुमारे १४० वॉट घेत होता. हा आकडा चिंताजनक नव्हता. चिंता वाटली ती पुढच्या चाळीस मिनिटांत, कारण दिवा थांबायचे नावच घेईना. दार नीट लागत नसल्याने कॉम्प्रेसर दिवसाचे अठरा तास तरी चालत असावा. पुढे प्लगमध्ये लावायचे छोटे मापक आणून आठवडाभर नोंद केली, तेव्हा रोजचा वापर २.६ युनिट निघाला, म्हणजे महिन्याला ७८ युनिट. दुकानात पाहिलेल्या तेवढ्याच क्षमतेच्या नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला २१९ युनिट लिहिले होते. घरातील वापर लेबलपेक्षा जास्त होतो असे धरून आम्ही महिन्याला २४ युनिट गृहीत धरले.

जुन्या चार स्टारचे कोडेही येथे सुटले. स्टार देण्याचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे २००८ चे चार स्टार आजच्या चार स्टारशी तुलना करण्याजोगे नसतात. वेगवेगळ्या काळातील लेबले समोर असतील तर तारे बाजूला ठेवून वार्षिक युनिटचा आकडा वाचावा.

एसीसाठी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचे रीडिंग घेतले आणि फ्रीज व पंखे वजा केले. रात्री आठ तासांना सुमारे ९ युनिट निघाले. अनपेक्षित होते ते पंखे. जुना पंखा ७५ वॉटचा आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. तीन पंखे रोज चौदा तास चालत असतील तर फरक महिन्याला ५७ युनिटचा, म्हणजे फ्रीजच्या ५४ युनिटपेक्षाही किंचित जास्त. दोन वर्षे चाललेल्या चर्चेत ‘पंखा’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नव्हता.

युनिटची किंमत कोणती धरायची?

या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण येथे बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. वसंतराव बिलाच्या रकमेला युनिटने भागून सरासरी काढत असत. पण वाचवलेले युनिट सरासरीने वाचत नाही, ते सर्वांत वरच्या टप्प्यातून वाचते. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटना ४.७१, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ रुपये असा दर होता. त्यावर प्रति युनिट १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा) आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे २९० युनिटच्या महिन्यात वाचलेल्या एका युनिटचे मोल सुमारे १३.२९ रुपये, आणि बिल ४५० युनिटवर असेल त्या महिन्यात १८.२४ रुपये. दर बदलत राहतात, त्यामुळे हे आकडे घेण्यापेक्षा स्वतःच्या ताज्या बिलावरचे घ्यावेत. रीत मात्र हीच राहते.

आता माझी चूक. प्रत्येक उपकरणाची बचत मी स्वतंत्रपणे वरच्या टप्प्याच्या दराने मांडली. एसीची बचत रात्रीला ५ युनिट, वर्षातील ११० रात्री, म्हणून ५५० युनिट आणि सुमारे १०,००० रुपये. पण पंखे आणि फ्रीज आधी बदलले की बिल शंभरेक युनिटने खाली येते आणि एसीची निम्मीअधिक बचत खालच्या टप्प्यात जाते. सुधारित हिशेबात ती ८,७०० रुपयांच्या जवळपास आली. मुलाने पुण्याहून फोनवर ही चूक दाखवली, तेव्हा मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

पर्यायांची छाननी

पंख्यांचा निर्णय सोपा होता. तीन पंख्यांना ८,७०० रुपये लागणार होते. हिवाळ्यातला कमी वापर धरूनही दीड वर्षात ते वसूल होत होते. गीझर बदलण्यात अर्थ नव्हता, त्याची चालू-बंद करायची वेळ पाळणे पुरेसे होते.

फ्रीजसाठी दोन मते होती : रबर बदलून आणखी दोन वर्षे काढावीत किंवा नवा घ्यावा. तंत्रज्ञाने रबराचे १,६०० रुपये सांगितले, पण त्या मॉडेलचे मूळ रबर मिळेल याची खात्री दिली नाही. नवा २६,५०० रुपयांचा होता आणि वार्षिक बचत कमीत कमी ८,६०० रुपयांची. नवा घ्यायचे ठरले.

एसीमध्ये तीन स्टार की पाच स्टार हा वाद रंगला. लेबलवरील वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर आधारलेले असतात. या घराचा वापर जेमतेम ८८० तासांचा, म्हणून दोन्हींतील २०० युनिटचा फरक त्यांच्यासाठी ११० युनिटच उरत होता. किमतीतला ६,००० रुपयांचा फरक तरीही तीन-साडेतीन वर्षांत निघत होता. ज्या घरी एसी वर्षातून महिनाभर लागतो, त्यांनी तीन स्टार घेतला तर मी त्यांना दोष देणार नाही.

कृती, आणि एक महागडी प्रतीक्षा

जूनमध्ये पंखे बसले. फ्रीज त्याच महिन्यात घ्यायचा होता, पण ‘गणपतीत ऑफर असतात’ म्हणून तो पुढे ढकलला गेला. मग १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याची घोषणा केली आणि घरात पुन्हा थांबण्याचे ठरले. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. त्या संध्याकाळी दोन्ही वस्तूंची नोंदणी झाली.

एसीच्या बाबतीत ही प्रतीक्षा फायद्याची ठरली. कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने ३२,००० रुपये मूळ किमतीचा एसी ४०,९६० ऐवजी ३७,७६० ला मिळाला. सरकारकडून या कुटुंबाला प्रत्यक्ष हाती लागलेली रक्कम ती हीच, ३,२०० रुपये. फ्रीजचे तसे झाले नाही. फ्रीजवरील कर जुलै २०१८ मध्येच १८ टक्क्यांवर आला होता, आणि सप्टेंबरमध्ये त्यात काहीच बदलले नाही. तीन महिने थांबून त्यांनी सुमारे १६० युनिट, म्हणजे दोन हजारांहून अधिक रुपये घालवले. ही बाब आम्हा कोणालाच त्या वेळी माहीत नव्हती. खरेदीचे बिल हातात आल्यावर सुनंदाताईंनीच विचारले, ‘अहो, फ्रीजचा भाव तर तोच आहे!’ विक्रेत्याने जुन्या फ्रीजबद्दल वजा केलेले १,८०० रुपये बोलताना ‘सरकारी सबसिडी’ म्हणून सांगितले होते. बिलावर ती साधी विनिमय सूट होती.

एसी बसवण्याचा खर्च कोणी धरलाच नव्हता. स्टँड, जादा कॉपर पाइप, भिंतीला भोक आणि स्वतंत्र एमसीबीसह (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणाऱ्या बटणासह) नवी लाइन मिळून ६,३०० रुपये गेले. ते धरल्यावर एसीची वसुली पाच वर्षांवर गेली.

जुन्या वस्तूंचे काय झाले

घरकामाला येणाऱ्या मावशींनी जुना फ्रीज मागितला होता. त्या किसननगरला राहतात. सुनंदाताईंची द्यायची इच्छा होती आणि मलाही ते स्वाभाविक वाटले. मुलाने मावशींचे बिल मागवले. त्यांचा वापर महिन्याला ८० युनिट होता. त्यात या फ्रीजचे ७८ मिळवले की १५८ होतात. त्यातील २० युनिट पहिल्या टप्प्यात बसतात, उरलेले ५८ दुपटीच्या आसपासच्या दराने जातात. फुकट मिळालेला फ्रीज त्यांना दरमहा ९०० रुपयांना पडला असता. हे सगळे समजावून सांगितले, विनिमयाचे १,८०० रुपये आणि वर ५,००० रुपये नव्या छोट्या फ्रीजसाठी दिले. उरलेल्या रकमेचे त्यांनी हप्ते करून घेतले. तरीही ‘चालता फ्रीज दुकानदाराला दिला’ हा सल त्यांच्या मनात आहे, आणि मला तो पूर्णपणे गैरवाजवी वाटत नाही, कारण हप्ते त्याच फेडत आहेत.

एसीचा शेवट वाईट झाला. विक्रेत्याने फारच कमी भाव सांगितल्याने तो भंगारवाल्याला विकला गेला. त्याने जिन्यातच कटरने तांब्याची नळी कापली, आणि फुस्स असा आवाज करीत आतला वायू दोन मिनिटांत निघून गेला. त्या काळच्या एसींमध्ये सर्रास असे तो आर-२२, ओझोनच्या थराला घातक असलेला. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला एक फोन केला असता तर अधिकृत संकलनाची चौकशी तरी झाली असती. पाचशे-सातशे रुपयांच्या फरकासाठी आम्ही तो केला नाही.

निष्पत्ती

ऑक्टोबर २०२४ मध्ये ४५५ युनिट होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये २६२. यातले सगळे श्रेय उपकरणांना देता येणार नाही, कारण दोन वर्षांचे हवामान सारखे नसते आणि मोजमाप सुरू झाल्यापासून वसंतराव खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा न चुकता बंद करतात. तरीही बिल ३०० च्या आत येणे हा ऑक्टोबरमधला पहिलाच अनुभव होता.

संस्थेच्या पातळीवरही काही हालचाल झाली. लिफ्ट आणि पंपाचे सामाईक बिल घरगुती दरानेच, पण बहुतांश सर्वांत वरच्या टप्प्यात येते हे या हिशेबाच्या ओघात लक्षात आले. दहा किलोवॉटच्या संचाला सूर्यघर योजनेतून १,८०,००० रुपये मिळू शकतात, म्हणून हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. पहिला विरोध वसंतरावांचाच झाला. ‘दुवा कोणी पाठवला?’ असे त्यांनी विचारले. राष्ट्रीय पोर्टल आणि तेथील नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी त्यांना समोर बसवून दाखवावी लागली.

काय वेगळे करता आले असते

रबर सैल झाले त्याच महिन्यात फ्रीज मोजायला हवा होता. दोन वर्षांत त्याने जादा खाल्लेल्या विजेत नव्या फ्रीजची निम्म्याहून अधिक किंमत निघाली असती. जीएसटीची बातमी आली तेव्हा वस्तूनिहाय दर पाहून फ्रीज आणि एसीचे निर्णय वेगळे करायला हवे होते. एसी बसवण्याचा खर्च दुकानात असतानाच लेखी घ्यायला हवा होता. मावशींशी बोलणे आधी व्हायला हवे होते. फ्रीज दुकानाच्या टेम्पोत चढत असताना ते झाले, आणि तोवर त्यांनी घरी जागा करून ठेवली होती.

खिडकीतील जुन्या एसीची मोकळी चौकट सध्या प्लायवूडने बंद केली आहे. पावसाळ्याआधी तेथे काच बसवायची आहे, त्याचे दोन दर आले आहेत.